मागच्या चाकांचे सांधे

ताई पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर उभी राहून तिनं एकदा शिट्टी फुंकली, की पाण्यातली पोरंच काय, काठावरचे आईबापही गप्प बसायचे. खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद आणि लग्नाबिग्नाच्या भानगडीत कधी न पडलेली. आयुष्यात तिनं चैन म्हणून एकच गोष्ट केली होती. दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लाल रंगाची एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. विकणारा म्हणाला होता, गाडीला काही झालेलं नाही, नुसती उभी होती. त्यावर ताई म्हणायची, माणूस नुसता उभा ठेवला तरी सांधे जातातच की.

आणि गाडीचे सांधेच गेले होते. या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला इंजिनची ताकद पोहोचवायला एकेक लोखंडी दांडा असतो. चाक खड्ड्यात वरखाली होतं, पण दांडा फिरता राहिला पाहिजे, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधा. सांधा म्हणजे चार हातांचा पोलादी क्रॉस, प्रत्येक हातावर एक टोपी, आणि टोपीच्या आत सुईसारखे बारीक रोलर. ताईच्या गाडीतल्या या सुयांचं गंजून पीठ झालं होतं. गिअर टाकून क्लच सोडला की मागून कुणीतरी पाठीत लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. गॅरेजवाल्यानं महिनाभर गाडी ठेवून घ्यायची भाषा केली, तेव्हा ताईनं नवे क्रॉस विकत आणले आणि काम घरीच करायचं ठरवलं. घराला लागून तिचं स्वतःचं गॅरेज होतं. जाड लाकडाचा ओटा होता, त्यावर लोखंड आवळून धरायचा व्हाइस पक्का बसवलेला होता आणि अवजारं भिंतीवर ओळीनं टांगलेली होती. आणि गेल्या आठवड्यापासून घरात हाताखाली एक माणूसही होतं.

ते माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटी केस कापायची. हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत डुलकी काढायचं. तिचा नवरा औषधांच्या दुकानाचा मालक. अख्ख्या मोहल्ल्याचा लाडका. म्हाताऱ्यांना तो हात धरून पायरी उतरवायचा, लहान पोरांना गोड गोळी द्यायचा, आणि कुणाचा खोकला कुठवर आला हे त्याला त्या माणसाच्या घरच्यांहून जास्त ठाऊक असायचं. ताई त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणायची. तोंडात साखर अन् पोटात कात्री, हे तिला पहिल्या भेटीतच वाटलं होतं. पण बहिणीच्या संसारात आपण कशाला नाक खुपसायचं म्हणून ती गप्प राहिली होती.

मग एका संध्याकाळी धाकटी दारात उभी राहिली, पायांत घरातल्या सपाता आणि हाताला पांढरंशुभ्र बँडेज. गोडबोल्यानं दुकानातल्या गल्ल्याचा ड्रॉवर तिच्या बोटांवर लावला होता. चुकून नव्हे. आधी तिची कात्री धरायच्या हाताची बोटं आत धरली आणि मग लावला. कारण असं, की एका गिऱ्हाइकाशी बोलताना ती जरा जास्त हसली. त्यानंतर त्यानंच तिला खुर्चीत बसवलं, जखम धुतली, मलम लावलं आणि असं नेटकं बँडेज बांधलं की डॉक्टरानंही कौतुक करावं. जखम त्याची आणि मलमही त्याचंच, हे कितीतरी वर्षं चाललं होतं. ताईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तेव्हाच पोलिसांत निघाली होती. धाकटीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, मला आधी नीट झोपू दे. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला. रोज गोडबोल्याचे फोन यायचे. तो चिडायचा नाही, ओरडायचा नाही. जेवलीस का विचारायचा, बँडेज बदललंस का विचारायचा. फोन ठेवल्यावर धाकटी बराच वेळ भिंतीकडे बघत राहायची. शेवटी सोमवारी सकाळी जायचंच, असं दोघींचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघी गॅरेजात उतरल्या. बहिणीचं मन कशात तरी गुंतावं म्हणून ताईनं तिला टॉर्च धरायला लावलं आणि सगळं समजावून सांगत कामाला लागली. गाडीची मागची बाजू जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. चाकं काढली. काढलेली चाकं तिनं दोन्ही बाजूंनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून दिली. धाकटीनं विचारलं, हे कशाला. ताई म्हणाली, घोड्यावर भरवसा ठेवायचा नाही. घोडा सरकला तर गाडी चाकावर बसेल, आपल्या छातीवर नाही.

दांड्याचे बोल्ट काही सुखासुखी सुटणारे नव्हते. ताईनं गंज सुटायचं तेल मारलं, पान्याला लांब पाइप जोडला आणि त्या पाइपवर चक्क उभी राहिली. बोल्ट बंदुकीच्या बारासारखा वाजला आणि सुटला. धाकटीच्या हातातला टॉर्च पडला. दुसऱ्या बोल्टला ती गॅरेजच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

डाव्या चाकाचा दांडा निघाला. चांगला जड होता, एका हातानं पेलणं ताईलाही अवघड. तिनं तो व्हाइसमध्ये आवळला, टोप्या अडवणाऱ्या बारीक कड्या पकडीनं काढल्या आणि हातोडा उचलला. जुना क्रॉस ठोकूनच काढावा लागतो. दांड्याच्या टोकाला बेचकीसारखे दोन कान असतात, त्या कानावर घाव घालत राहिलं की गंजलेली टोपी केसाकेसानं वर सरकते. ताईनं घाव घातले. दर घावाला गॅरेजचा पत्रा झणझणत होता. लाल गंजाचे पापुद्रे उडत होते. ताईला घाम फुटला, केस कपाळाला चिकटले, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येऊ लागली. आठवडाभर जे गिळलं होतं ते सगळं त्या लोखंडावर उतरत होतं. एकेक करत टोप्या उडाल्या, जुना क्रॉस निघाला आणि ओट्यावर गंजाचा भुसा सांडला, तेव्हा ती हसत वळली.

धाकटी दारात पाठ करून उभी होती. दोन्ही कानांवर हात.

ताईच्या मनात आलं, होईल हळूहळू सवय. तिनं दांडा व्हाइसमधून सोडवून ओट्याला टेकवून ठेवला, हात पुसले आणि चहा टाकायला आत जाणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

गोडबोल्या आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात धाकटीचे बाहेर घालायचे बूट. सपातांवर निघून आली म्हणून ते मुद्दाम घेऊन आलो, असं तो म्हणाला. बूट त्यानं गॅरेजच्या उंबऱ्याशी जोडीनं नीट ठेवले. ताईच्या गाडीची चौकशी केली, किती मेहनत घेता म्हणून कौतुक केलं. मग म्हणाला, की बायकोशी दोन शब्द एकांतात बोलायचे आहेत.

ताई म्हणाली, "जे बोलायचं ते इथंच बोला."

"बरं," तो म्हणाला. त्यानं वळून गॅरेजचं शटर खाली ओढलं. "शेजाऱ्यांना कशाला उगीच त्रास."

आत एकदम अंधारलं. ओट्यावरचा एकच दिवा जळत होता. गोडबोल्यानं धाकटीचं मनगट धरलं, तेच, बँडेजच्या हाताचं, आणि पिळलं. ती ओरडली नाही. तिच्या तोंडून फक्त श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावरून ताईला कळलं की हे तिला नेहमीचं आहे. ताई मधे शिरली. तिनं त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला मागं ढकललं. तो धडपडत ओट्यावर आदळला. हात मागं गेला आणि हाताला लागला हातोडा.

त्यानं तो फिरवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रागाची रेघही नव्हती. घाव ताईच्या गळ्यापासून डाव्या खांद्याकडे जाणाऱ्या हाडावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तिचा डावा हात खांद्यापासून मेल्यासारखा लोंबला. ती गुडघ्यावर आली. दुसऱ्या खेपेला त्यानं कोपर मारलं, तिच्या तोंडावर. ओठ फाटला, पुढच्या दाताचा तुकडा जिभेवर आला.

"तुम्ही मधे पडू नका, ताई," गोडबोल्या म्हणाला. "आमचं आम्ही बघतो."

दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावतो, तोच आवाज.

धाकटी शटरकडे पळाली, पण एका हातानं तिला ते उचलेना. तो तिच्यामागं गेला. ती गाडीला वळसा घालून पलीकडे, तो अलीकडे. तो पलीकडे, ती अलीकडे. त्यानं एकदा तिचे केस पकडले आणि डोकं गाडीच्या दारावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. ती हिसका मारून सुटली तेव्हा केसांची बट त्याच्या मुठीत राहिली. मग तिनं जे करायला नको होतं तेच केलं. ती खाली झोपली आणि गाडीखाली सरपटत शिरली.

गोडबोल्या वाकला आणि आत हात घालून तिचा घोटा धरला. तिनं लाथ मारली. त्याच्या नाकातून रक्त आलं, इस्त्रीच्या शर्टावर ओघळ उतरले. तो उभा राहिला, रुमालानं नाक पुसलं, रुमालाची घडी केली. मग दोन्ही हात गाडीच्या मागच्या कडेवर ठेवले आणि गाडी हलवायला लागला.

"बाहेर ये," तो म्हणाला. "नाहीतर पाडतो बघ. अपघात होतात अशा कामात."

गाडी डुलू लागली. घोड्याचा पाय फरशीवर करकरला, बोटभर सरकला. गाडीखालून धाकटीचा आवाज आला, तिनं त्याला नाही, ताईला हाक मारली.

ताई उठली कशी ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. डावा हात निकामी, तोंडात रक्त, डोळ्यांपुढं काजवे. ओट्याला टेकवलेला दांडा तिनं उजव्या हातानं मधोमध धरला. एरवी तो पेलायला दोन हात लागायचे. तिनं अंगाला गिरकी देऊन तो त्याच्या बरगड्यांत घातला. बेचकीचे दोन्ही कान आत रुतल्याचं तिला हाताला जाणवलं. गोडबोल्या कळवळून गाडीवर कोसळला, त्याचं सगळं वजन कडेवर आलं, आणि घोडा पडला.

गाडी डाव्या बाजूनं खाली आली. पोटाखालच्या आडव्या चाकावर धाडकन बसली आणि तिथंच थांबली. पण डाव्या बाजूचा दांडा काढलेला असल्यामुळे चाकाचा मोकळा ब्रेक-ड्रम खाली सैल लोंबत होता. त्याची पोलादी कड गोडबोल्याच्या कोसळताना आत गेलेल्या पावलावर आली आणि पाऊल फरशीला चिकटलं.

तो पहिल्यांदाच ओरडला. जनावर ओरडतं तसा.

"छोटे," ताईनं हाक मारली. उत्तर नाही. "छोटे!"

"आहे," गाडीखालून आवाज आला. "आहे मी. सायलेन्सर कानाला टेकलाय. सरकते."

इथं सगळं थांबायला हवं होतं. बहीण जिवंत होती. तो जागचा हलू शकत नव्हता. ताईनं शटर उचलून शेजाऱ्यांना हाक मारायची, एवढंच काम उरलं होतं. तिला हे सगळं कळत होतं. पुढं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही तिनं कळत नव्हतं असं सांगितलं नाही.

गोडबोल्या फरशीवर बसला होता, एक पाय पुढं, ड्रमखाली. चेहरा चुन्यासारखा. बुटातून रक्त झिरपत होतं. त्यानं ताईकडे पाहिलं आणि पुन्हा तो आवाज लावला.

"ताई, पाय निघत नाहीये. जरा जॅक लावता का?"

आजवर ताई त्याला अहोजाहो करत आली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ड्रॉवर कुठल्या हातानं लावलास?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले, लहान मुलासारखे. ताईनं दांडा त्याच्या मोकळ्या गुडघ्यावर मारला. हात आपोआप पुढं आले. मग तिनं उजवा हात फरशीवर बुटाखाली दाबला आणि दांड्याचं टोक वरून खाली आणलं. बोटं मोडल्याचं बुटाच्या तळव्याला कळलं. तो गयावया करू लागला, आईची शपथ घालू लागला. ती ऐकत होती. ऐकत होती आणि मारत होती. मघाशी लोखंडावर जशी लय लागली होती तशीच आता लागली होती. उचलायचं, वजन पडू द्यायचं, पुन्हा उचलायचं. तिचं स्वतःचं मोडलेलं हाड दर वेळी कचकन दुखायचं आणि तिला ते बरं वाटायचं. डावा हात. खांदा. पुन्हा उजवा. तो आता ओरडत नव्हता, नुसता हुंकारत होता.

धाकटी गाडीखालून पलीकडच्या बाजूनं निघाली आणि फेरा घालून आली. एक कान सोललेला, तोंडभर ग्रीस आणि धूळ. तिनं मागून दांडा धरला.

"ताई, बास."

ताईनं तो हिसकला.

"बास म्हणते ना. मरेल तो."

"मरू दे," ताई म्हणाली आणि कोपरानं तिला झटकलं. धाकटी ओट्यावर आपटून खाली बसली. ताई दांडा घेऊन गर्रकन तिच्याकडे वळली, दूर हो म्हणायला. आणि धाकटीनं बँडेजचा हात डोक्यावर घेतला. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, कोपर डोळ्यांपुढं. एका क्षणात, जराही विचार न करता. घरी रोज घेत असेल तसा.

ताईच्या हातून दांडा सुटला. फरशीवर आदळून तो घरंगळत शटरपाशी गेला.

त्यानंतर जे करायचं ते धाकटीनं केलं. ताई भिंतीला पाठ लावून बसली होती. धाकटीनं शटर खांद्यानं वर लोटलं. समोरच्या घरातली म्हातारी आवाज ऐकून आधीच रस्त्यावर आली होती. तिला फोन करायला सांगितलं. मग जॅक ओढत आणला, सकाळी ताईनं दाखवलं होतं तिथं लावला, आणि एका हातानं दांडी वरखाली करत गाडी उचलली. नवऱ्याचा पाय तिनंच बाहेर काढला. स्वतःचं बँडेज सोडून त्याच्या पोटरीला घट्ट बांधलं. त्यानं पुटपुटत तिचं नाव घेतलं. ती त्याच्याकडे न बघता उठली आणि हात धुवायला नळावर गेली.

गोडबोल्या जगला. पायाची बोटं गेली, एका हाताची मूठ कायमची वळेनाशी झाली. इस्पितळात असतानाच त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि ताईवरही झाला. खटला उभा राहिला तेव्हा मोहल्ल्यातले निम्मे लोक त्याच्या बाजूनं आले. असा सोन्यासारखा माणूस, म्हणाले. मग धाकटी साक्षीला उभी राहिली. तिनं ड्रॉवरचं सांगितलं, त्याआधीची वर्षं सांगितली, इस्त्रीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं. गाडी हलवताना तो काय म्हणाला तेही जसंच्या तसं सांगितलं. मग ताईच्या वकिलानं विचारलं, की ताईनं जे केलं ते तुम्हाला वाचवण्यासाठीच ना. हो म्हणायचं, असं आधी ठरलं होतं.

"पहिला फटका मला वाचवायला होता," धाकटी म्हणाली. "नंतरचे नव्हते. मी तोवर वाचले होते."

गोडबोल्याला कैद झाली, बरीच मोठी. ताईला तुरुंगात जावं लागलं नाही, शिक्षा स्थगित झाली. पण पोरांना शिकवण्याचा परवाना गेला. तलावाच्या व्यवस्थापकानं तिला बोलावून घेतलं, वाईट वाटतं म्हणाला आणि किल्ल्या परत मागितल्या.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यासाठी हाड मोडून घेतलं, दात घालवला, तिनंच भर कोर्टात हात झटकावेत. फोन आला तरी तिनं उचलला नाही. धाकटीनं केस कापायच्या दुकानावरच एक खोली घेतली होती. ताई तिकडे फिरकली नाही. एका गोदामात मालाच्या चढउताराची देखरेख करायचं काम तिनं धरलं. शिट्टी नाही, पाणी नाही, आणि खांदा पुरता वर जात नाही. गाडी पुन्हा घोड्यांवर टेकवून गॅरेजात तशीच उभी होती. फरशी घासून घासून धुऊन घेतली होती, तरी ताई तिथं पाऊल टाकत नव्हती.

केसांनी शेवटी पेच सोडवला. हात डोक्याच्या वर जात नाही म्हटल्यावर केस धुणं, विंचरणं म्हणजे शिक्षाच. वाढून वाढून त्यांचं जंजाळ झालं. एका रविवारी धाकटी न विचारता आली, कात्री, कंगवा, जुनी चादर घेऊन. दार उघडलं तशी म्हणाली, खुर्ची आण. ताईनं खुर्ची आणली.

धाकटीची बोटं जुळली होती, पण एक जरा वाकडंच राहिलं होतं. त्यामुळे कात्री ती वेगळ्या तऱ्हेनं धरू लागली होती. हात मात्र तसाच हलका.

"मला खोटं बोलता आलं असतं," धाकटी मागून म्हणाली.

"मग का नाही बोललीस?"

"इतकी वर्षं तेच केलं. पडले म्हणायचं, आपटले म्हणायचं. पुन्हा तेच करायचं असतं तर घर कशाला सोडलं?"

धाकटीनं कानामागची बट उचलून कापली.

"आणि त्या दिवशी मला तुझी भीती वाटली, ताई. त्याच्यापेक्षा जास्त. त्याची मला सवय होती."

मानेपाशी कात्री थंड लागली. ताईला रडू आलं, पण हुंदक्यानं मान हलेल आणि केस वाकडे कापले जातील म्हणून तिनं ते दाबून धरलं. मग तिनं विचारलं, "अजून वाटते?"

धाकटीनं कंगवा झटकला. विचार करून उत्तर दिलं. "थोडी. तू जोरात हललीस की."

ताईनं मान डोलावली. मग म्हणाली, की मारताना तिला बरं वाटत होतं. हे तिनं वकिलाला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री ते आठवतं, म्हणाली, आणि आठवलं की हातच नको वाटतात. धाकटीनं ते ऐकून घेतलं. तुझं चुकलं नाही, असं काही ती म्हणाली नाही. मानेवरचे केस फुंकरीनं उडवले आणि चादर झटकायला अंगणात गेली.

परत आली ती म्हणाली, "गाडी कधी खाली उतरवणार?"

ताई म्हणाली, तिला गॅरेजात जाववत नाही. शिवाय खांद्याला आता घाव घालायचं बळ राहिलेलं नाही.

"ठोकूनच घालावा लागतो का नवा?"

नव्हता लागत. काढताना ठोकावं लागतं, कारण जुनं गंजून धरलेलं असतं. नवा क्रॉस व्हाइसमध्ये दाबून हळूहळू आत सरकवता येतो. उलट ठोकलं तर टोपीतली एखादी सुई आडवी पडते आणि सगळंच वाया जातं. ताई हे सांगत असताना धाकटी उठून गॅरेजकडे चालू लागली होती.

तिनं शटर पुरतं वर केलं आणि त्याच्या खालच्या कडीला दोरी बांधून टाकली, खाली येऊ नये म्हणून. मग एक स्टूल ताईसाठी आत ओट्याजवळ ठेवलं. पोलिसांनी परत केलेला दांडा कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून पडला होता. धाकटीनं तो दोन्ही हातांनी उचलून आणला आणि फडकं काढून ओट्यावर ठेवला. ताईनं नजर दुसरीकडे वळवली.

"बघ इकडे," धाकटी म्हणाली. "मला येत नाही हे. तू सांग, मी करते."

ताईनं सांगितलं. बेचकीचे कान आतून घासायचे, गंजाचा कणही राहता कामा नये. टोपीत बोटानं ग्रीस भरायचं, म्हणजे सुया कडेला चिकटून उभ्या राहतात. क्रॉस बेचकीत तिरका घालून सरळ करायचा, एक टोपी कानाच्या तोंडाशी बसवायची, आणि व्हाइसचा दांडू फिरवायचा. सावकाश. अडलं की थांबायचं, मागं घ्यायचं, बघायचं. धाकटीला दोनदा अडलं. पहिल्यांदा तिनं मागं घेतलं तर खरंच एक सुई आडवी पडली होती. तिनं ती वाकड्या बोटाच्या नखानं उभी केली. दुसऱ्यांदा ताईचा धीर सुटला. अगं दाब ना जरा, म्हणत ती स्टुलावरून ताडकन उठली. धाकटी दोन पावलं मागं सरकली.

ताई जागच्या जागी थांबली. मग हळूच, दिसेल असे दोन्ही हात पुढं ठेवून, पुन्हा स्टुलावर बसली.

धाकटी थोडा वेळ दारातल्या उजेडात उभी राहिली. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. मग ती ओट्याशी परत आली, दांडू पकडला आणि विचारलं, आता कुठल्या बाजूला फिरवू. ताईनं सांगितलं. टोपी आत गेली, मग एकेक करत बाकीच्याही गेल्या, आणि कड्या खाचांत बसल्या. धाकटीनं सांधा हातात धरून इकडून तिकडे वळवून पाहिला. तो वळत होता, जरासा घट्ट, कुठेही न अडखळता.

"असे किती आहेत?" तिनं विचारलं.

"अजून तीन," ताई म्हणाली.

"मग आज एवढंच पुरे. भूक लागली मला."